तिसऱ्या खेपेच्या गुलाबी प्लेटा

आमच्या गल्लीत मी अजूनही 'दवाखान्यातल्या ताई' आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणाचं अंग तापलं की गोळी विचारायला माझ्या दारात येतात. मी आयुष्यात एकाही माणसाला गोळी दिली नाही की सुई टोचली नाही. मी पेशी सांभाळत होते. बहुतेक उंदराच्या, काही माणसाच्या. हे सांगितलं की समोरची बाई जरा वेळ माझ्याकडे बघते आणि म्हणते, "म्हंजे रगत तपासायचं काम का?" पहिली दहा वर्षं मी समजावून सांगत होते. पुढे 'हो' म्हणून मोकळी व्हायला लागले.

दिवाळी अंकाचं बोलावणं आलं तेव्हा वाटलं, चला, एकदा सगळ्यांना नीट सांगून टाकू. लिहायला बसले तर सगळ्या नोकरीतून एकच गोष्ट वर येत राहिली. ती सांगायची म्हणजे आधी काम सांगावं लागेल.

बीडच्या बाहेर एका डॉक्टरांनी ट्रस्ट करून छोटं संशोधन केंद्र काढलं होतं. नाव लिहीत नाही. आता ते बंद झालंय. आम्ही त्यांना सर म्हणायचो. बाहेर शिकून आलेला माणूस, कॅन्सरच्या पेशींवरचं काम आपल्याच जिल्ह्यात करून दाखवायचं या हट्टाला पेटलेला. मी बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन बीडला आलेली. मुलाखतीत सरांनी प्रश्न असा विचारलाच नाही. काचेची एक नळी हातात दिली आणि बारा बाटल्यांत सारखं सारखं पाणी सोडायला सांगितलं. एक थेंब सांडला नाही. "उद्यापासून या," म्हणाले. त्यांनी माझे मार्क पाहिले नाहीत, हात पाहिले. त्या हातांचा मला पुढे फार गर्व झाला.

माझ्या ताब्यात एक खोली होती, कल्चर रूम. चप्पल बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, आत बोलायचं कमी. एकदा एक पुढारी पाहुणे म्हणून आले आणि बूट काढायला तयार होईनात. मी दारात आडवी उभी राहिले.

"कावून? देवघर हाय का?" ते म्हणाले.

"देवघरात बुरशी लागली तर देव मरत नाही साहेब, इथं सगळं मरतं."

सर मागे उभे राहून घाम पुसत होते. पाहुण्यांनी शेवटी बूट काढले. मोज्याला भोक निघालं, म्हणून दोनच मिनिटांत पाहणी उरकली.

आत काचेच्या दाराचं कपाट होतं, इन्क्युबेटर. त्यात माणसाच्या अंगाएवढी ऊब ठेवलेली. त्यात बशीएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटा, प्लेटेच्या तळाला चिकटून पेशी, आणि त्यांच्यावर गुलाबी पाणी. ते मीडियम. त्यात साखर, क्षार आणि दहातला एक भाग सिरम, म्हणजे वासराचं रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पाणी. पेशींना वाढीचे निरोप मिळतात ते या सिरममधून. पेशी खातात, घाण टाकतात, मीडियम आंबत जातं आणि त्याचा रंग गुलाबीचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा होतो. पिवळा झाला की समजायचं, यांना आता ताजं द्यायला हवं. माझ्या खोलीत पिवळी प्लेट कुणाला दिसायची नाही. "ताईंच्या खोलीत चूक होत नाही," असं सर येईल त्याला सांगायचे. मी मान खाली घालून हसायचे आणि मनात म्हणायचे, खरंच होत नाही.

दुसरा नियम वहीचा. प्रयोगाच्या वहीत चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरबटायचं नाही. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला सही आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. नव्या पोरापोरींना हे पहिल्या दिवशी मीच शिकवायचे, आणि महिन्याभराने वह्या उजेडात धरून तपासायचेसुद्धा.

आता थोडं कॅन्सरचं. साध्या पेशीला बाहेरून निरोप आला की तो आतल्या एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात गाभ्यापर्यंत पोहोचतो: वाढा. सिरम काढून घेतलं, म्हणजे आमच्या भाषेत पेशी उपाशी ठेवल्या, की निरोप थांबतो. आमच्याकडे त्याच पेशींचा दुसरा वाण होता. त्यात कॅन्सर घडवणारं एक जनुक घातलेलं. त्यांच्यात म्हणे दारावरच्या बेलचं बटण अडकून बसावं तसं होतं. बाहेर कुणी नाही आणि आत बेल वाजतेच आहे. निरोप चालू की बंद हे बघायला पेशी फोडायच्या, त्यांतली प्रथिनं वेगळी करून एका पांढऱ्या पडद्यावर उतरवायची. निरोप चालू असेल तर काळी पट्टी दिसते, बंद असेल तर फिकट.

ऐकायला सोपं आहे. पण पेशी कशा ठेवल्या यावर त्या पट्टीचा रंग पालटतो. दाटीत की सुट्या, उपाशी की भरल्या पोटी, कुठल्या सिरमवर. हे मी कुठल्या पुस्तकातून शिकले नाही, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शिकले. आमचं सिरम पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात, कोरड्या बर्फात, म्हणजे पाणी न होता वाफ होऊन उडणाऱ्या बर्फात यायचं. बस बीडला न येता मांजरसुंब्याहून खाली वळायची, म्हणून खोकं तिथल्या ओळखीच्या ढाब्यावर उतरवून घ्यायची सोय केलेली. एकदा मी आणायला गेले तर बाटल्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी.

"ताई, तुमचा बर्फ पेटलता बघा," मालक म्हणाले. "पाणी व्हायचं सोडून नुसता धूर. म्हणलं खोकं जळंल. मग बाटल्या बाहेर काढून ठिवल्या, सांजच्याला फ्रिजात घातल्या. लई जपून हाय."

मे महिन्यातला अख्खा दिवस त्या बाटल्या उन्हात होत्या. दुसरं सिरम यायला वेळ होता, सर म्हणाले, वापरून बघू. पेशी वाढल्या, मेल्या नाहीत. पण महिनाभर कुणाच्याच पट्ट्या जुळेनात. मीच सरांना जाऊन म्हणाले, "सर, पोरांचं चुकत नाही. सिरम बदललंय, त्यामुळे पेशींचा स्वभाव बदललाय." सरांनी माझ्या शब्दावर सगळ्या बाटल्या टाकून दिल्या. हे मुद्दाम लिहितेय. खाण्यातला एवढासा फरक पट्टी फिरवतो हे मला चांगलं माहीत होतं.

त्यानंतर काही वर्षांनी वैशाली आली. तलवाड्याची, वडिलांचं गेवराईत वेल्डिंगचं दुकान. शिष्यवृत्ती मिळवून पीएच.डी.साठी आमच्याकडे दाखल झाली. किडकिडीत पोरगी, कुणाशी फार बोलायची नाही, पण दिवसातून दहा वेळा विचारायची, "ताई, हे असं कावून?" बाकीची पोरं सर सांगतील ते करायची. हिला पटल्याशिवाय हात हलायचा नाही.

एकदा हूडपाशी, म्हणजे आम्ही पेशी हाताळायचो त्या स्वच्छ हवेच्या काचेच्या पेटीपाशी, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, बटण अडकलंय म्हणतेत. पर बटण अडकलेलं असलं तरी लाईट गेल्यावर बेल वाजती का?"

बीड जिल्ह्यात, लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या पोरीलाच सुचावा असा प्रश्न. तिचं म्हणणं होतं, जनुकवाल्या पेशींतला निरोप खरोखर कायम चालू असतो, की आपण त्यांना ऐसपैस, खाऊपिऊ घालून ठेवतो म्हणून चालू दिसतो? तिने त्या पेशी प्लेटेत खच्चून दाटू दिल्या, सिरम काढून घेतलं, मीडियम बदललं नाही, पिवळं पडू दिलं. मग फोडून पट्टी काढली. पट्टी फिकट आली. अडकलेली बेल बंद. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा फिकट. ती पडदा घेऊन धावत माझ्याकडे आली होती, सरांच्या आधी.

सर म्हणाले, "दोनदा काहीही येतं. तिसऱ्यांदा आण, मग मानतो." शिष्यवृत्ती वाढवून द्यायची की नाही, हे ठरवणारी समिती पुढच्या महिन्यात बसणार होती. ती वाढली नाही तर तिची पीएच.डी. तिथेच संपणार होती, कारण घरून शिकवण्याची ऐपत नव्हती. तिसऱ्या प्रयोगावर तिचं सगळं होतं आणि ते मला माहीत होतं.

तो भाद्रपद होता, आमच्याकडे महालक्ष्म्या. मी घरातली थोरली सून, तीन दिवस रजा ठरलेली. वैशालीने आठ प्लेटांना लाल चिकटपट्टी लावली होती, चार साध्या पेशींच्या आणि चार जनुकवाल्या. मला दोनदा बजावलं, "ताई, ह्या उपाशी हायत. पिवळ्या पडल्या तरी पडू द्या. उद्या सकाळी येऊन मी फोडते." आईला ताप होता म्हणून ती एका दिवसासाठी तलवाड्याला गेली.

रजेवर जाण्याआधी सगळ्या प्लेटांना ताजं मीडियम देऊन निघायचं ही माझी पद्धत. सणाला माझ्या खोलीत कुणी उपाशी राहायचं नाही, असं मी थट्टेने म्हणायचे. त्या दुपारी सगळ्यांचं आटोपलं आणि लाल पट्टीचा ट्रे पुढे आला. साध्या पेशींच्या चार प्लेटा गुलाबीच होत्या. जनुकवाल्या पेशी खादाड, त्यांच्या चारही पिवळ्याजर्द. तिने सांगितलेलं मी विसरले, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं. ते खोटं आहे. मला सगळं आठवत होतं. मला वाटलं, पोरगी नवीन आहे, हिने जरा जास्तच ताणलंय. उद्यापर्यंत मरतील आणि मग रडत बसेल. शिवाय तीन दिवस मी नसणार आणि माझ्या खोलीत कुणीतरी पिवळ्या प्लेटा बघणार, हेही मनात होतंच. निम्मं पिवळं मीडियम ओढून काढलं आणि नेहमीचं, सिरम असलेलं घातलं. फक्त त्या चार प्लेटांत. तीन वाजले होते. चारही गुलाबी झाल्या आणि मला बरं वाटलं. मी घरी जाऊन पुरणाची डाळ निवडायला बसले.

कुठल्याच वहीत मी ते लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी कामावर आले तर वैशाली कल्चर रूमच्या दारातच उभी होती. सरही तिथेच होते.

"ताई, या खेपेला प्लेटा पिवळ्या पडल्या न्हाईत. गुलाबीच होत्या. कुणी हात लावलता का?"

"ताईंना काय विचारतेस?" सर म्हणाले. "ताईंच्या खोलीत असं होत नाही."

"नाही गं," मी म्हणाले. "कोण हात लावतंय?"

विचार करण्याआधीच तोंडातून गेलं. थोड्या वेळाने तिने पडदा दाखवला. साध्या पेशींची पट्टी फिकट, जशी हवी तशी. जनुकवाल्यांची काळी, ठसठशीत. साध्या प्लेटांना मी हात लावला नव्हता, म्हणून प्रयोग वरून अगदी निर्दोष दिसत होता. मी एका नजरेत ओळखलं काय झालंय ते. मांजरसुंब्याच्या सिरमने महिनाभर पट्ट्या फिरवल्या होत्या, इथे तर मी स्वतःच्या हाताने घास भरवला होता. तेव्हाही सांगता आलं असतं. सर चार शब्द बोलले असते, चार दिवस माझी मान खाली गेली असती, यापलीकडे काही झालं नसतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ते पहिल्या दिवसापेक्षा अवघड झालं.

सर तिला ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पहिल्या दोन वेळी तुझा हात कच्चा होता. आता बसला." समितीपुढे तिच्याकडे सांगायला काही उरलं नाही. शिष्यवृत्ती वाढली नाही. जाताना ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोच हात.

ती गेल्यावर महिन्याने मी तिचा प्रयोग गुपचूप केला. पेशी दाटू दिल्या, उपाशी ठेवल्या, पिवळ्या पडू दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा पिवळ्या प्लेटांना मी हात लावला नाही. एका विद्यार्थ्याच्या नमुन्यांसोबत माझे दोन चालवून घेतले, कशाचे ते त्याला सांगितलं नाही. पट्टी फिकट आली. ते पाहून मी काय केलं? पडदा कचऱ्यात टाकला. माझ्याकडे तिचा पत्ता होता, फोन नंबर होता. यापेक्षा जास्त लाज वाटावी असं मी काही केलेलं नाही.

दहा वर्षं गेली. केंद्र बंद व्हायचं ठरलं, माझी निवृत्तीही त्याच सुमारास. कपाटं रिकामी करताना जुन्या वह्यांत वैशालीची सापडली. प्रयोग इंग्रजीत लिहिलेले, समासात मात्र ती स्वतःशी मराठीत बोलायची. त्या तारखेच्या पानावर लिहिलं होतं: 'प्लेटा गुलाबी. ताईंना विचारलं. ताई न्हाई म्हणल्या. म्हणजे चूक माझीच. शोधायची.'

पुढची चौदा पानं ती चूक शोधत होती. पाणी तपासलं, नळ्या तपासल्या, इन्क्युबेटरची ऊब तीन थर्मामीटर लावून पाहिली, पेशी पुन्हा पुन्हा मोजल्या. सगळी पानं नीटनेटकी. माझ्यावर संशय घेतलेली एक ओळ नाही. मी रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून ती चौदा पानं वाचली आणि रडले.

एवढं होऊनही ती वही माझ्या घरच्या कपाटात साड्यांखाली दीड वर्ष पडून राहिली. या उन्हाळ्यात सिरसाळ्याची एक बाई आमच्या शेजारी पाहुणी आली. बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडं तलवाड्याची एक म्याडम हाय, लई चांगलं रगत तपासती." दुसऱ्या दिवशी मी परळीची एसटी धरली आणि सिरसाळ्याला उतरले.

खतांच्या दुकानाच्या वर एका खोलीची लॅब. वैशाली एका म्हाताऱ्याच्या दंडाला रबरी नळी बांधत होती. केस थोडे पिकलेत, चष्मा लागलाय. मला बघून उठली, "ताई! तुमी? बसा, बसा," म्हणाली. म्हातारा गेल्यावर मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, महालक्ष्म्यांच्या आदल्या दुपारपासून.

तिने रबरी नळी गुंडाळून ठेवली. मग विचारलं, "किती टक्के?"

"काय?"

"सिरम. किती टक्क्याचं घातलं?"

"नेहमीचंच. दहाचं. निम्मं बदललं."

"म्हंजे प्लेटंत पाच टक्के. किती वाजता?"

"दुपारी तीनला."

"मी सकाळी नवाला फोडल्या." तिने बोटांवर मोजलं. "अठरा तास. मग पट्टी काळीच येणार की." ती खिडकीकडे बघत होती. "म्हंजे माझ्या पयल्या दोन बरोबर होत्या."

"बरोबर होत्या. मी नंतर करून बघितलं."

तिने मान वळवली. "करून बघितलं? कवा?"

"तू गेल्यावर. महिन्याने."

"मग मला कावून न्हाई सांगितलं, ताई?"

दिवसातून दहा वेळा विचारायची तोच शब्द. भीती म्हणावी तर कुणाची? सर तर पुढे तिला विसरूनही गेले होते.

मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. तिने बरोबर ते पान काढलं, शोधावं लागलं नाही. समासातली ओळ वाचली. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर जाऊ द्या ताई म्हणेल. तिने खिशातला पेन काढून माझ्यापुढे धरला.

"रेघ तुमी मारा," म्हणाली. "चूक माझी नव्हती, तर मी कावून मारू?"

मी 'म्हणजे चूक माझीच' यावर रेघ मारली. बारा बाटल्यांत थेंब न सांडलेला तोच हात. बाजूला सही केली, तारीख घातली. वैशालीने वही उचलून खिडकीच्या उजेडात धरली, मी नव्या पोरांच्या वह्या धरायचे तशी.

"खालचं वाचता येतंय," म्हणाली. वही तिने आपल्या टेबलाच्या खणात ठेवली आणि जिन्यात थांबलेल्या बाईला आत हाक मारली.